शब्द थोडे, पल्ला लांब : ‘लोरा’ रेडिओ जाळ्यांचे उपयोग आणि मर्यादा

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेने २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद केली. लोकल जागच्या जागी थांबल्या, रस्ते पाण्याखाली गेले आणि सायंकाळपर्यंत अनेक भागांतील दूरध्वनी व मोबाइल मुके झाले. त्या रात्री मुंबईतील लक्षावधी घरांना एकच प्रश्न विचारायचा होता : ‘कुठे आहेस? सुखरूप आहेस ना?’ प्रश्न दोन ओळींचा आणि उत्तर एका ओळीचे. तेवढेही पोचवावयास त्या दिवशी मार्ग उरला नव्हता.

मोबाइल सेवा संकटकाळी का कोलमडते, याचे उत्तर तिच्या रचनेत आहे. शेजारच्या इमारतीतील व्यक्तीशी बोलतानाही आपला आवाज आधी टॉवरवर, तेथून कंपनीच्या केंद्रात आणि मग परत येतो. टॉवरची वीज गेली, बॅटरी संपली, केबल तुटली किंवा एकाच वेळी सर्वांनी फोन उचलले की साखळी तुटते. २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगालमध्ये वीजपुरवठा ठप्प झाला, तेव्हा टॉवरच्या बॅटऱ्या जसजशा संपत गेल्या तसतशी मोबाइल सेवाही अनेक भागांत बंद पडत गेली. प्रगत देशांनाही हा प्रश्न चुकलेला नाही.

अशा वेळी टॉवर, सिम कार्ड आणि इंटरनेट यांपैकी कशाचीही गरज नसलेली एक संदेशव्यवस्था गेल्या काही वर्षांत जगभर रुजली आहे. कमी शक्तीच्या, पण लांब पल्ल्याच्या रेडिओ उपकरणांचे हे जाळे. तळहातावर मावणारे उपकरण, त्याला छोटी अँटेना, ब्लूटूथने जोडलेला नेहमीचा फोन आणि त्यावर टंकलेला लहानसा निरोप, एवढाच त्याचा पसारा. त्याच्याविषयी उत्साहाने पुष्कळ बोलले जाते. मात्र संकटात जिवाचा भरवसा ज्यावर ठेवायचा, त्याच्या मर्यादा आधी समजून घेणे अगत्याचे ठरते.

चढत जाणारी शिट्टी

या जाळ्यांचा पाया म्हणजे ‘लोरा’ हे तंत्र. ‘लाँग रेंज’ या शब्दांवरून हे नाव पडले. फ्रान्समधील ग्रेनोबल येथील सायक्लिओ या छोट्या कंपनीने ते विकसित केले आणि २०१२ मध्ये अमेरिकेतील सेमटेक या कंपनीने सायक्लिओ विकत घेतली. साध्या रेडिओत माहिती एका स्थिर कंप्रतेभोवती पाठविली जाते. लोरामध्ये प्रत्येक चिन्हासाठी लहर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकत जाते. गायकाने एका स्वरावरून दुसऱ्यावर मींड घ्यावी, तशी ही लहर पट्टा व्यापत चढते. ती कोठून सुरू झाली, यावरून चिन्ह ओळखले जाते.

याचा लाभ असा, की सभोवतीच्या रेडिओ गोंगाटापेक्षा सुमारे शंभरपट क्षीण झालेला संदेशही सर्वांत मंद रचनेत ओळखता येतो. त्यामुळे दहाव्या किंवा सहाव्या भागाएवढ्या वॅटची शक्तीही कित्येक किलोमीटर जाऊ शकते. २०१७ मध्ये हवेत उंच गेलेल्या फुग्यावरील लोरा उपकरणाचा संदेश ७०२ किलोमीटर अंतरावर पकडला गेला होता.

हा पल्ला फुकट मिळत नाही. त्याची किंमत वेगाने चुकवावी लागते. लहर जितकी सावकाश सरकवावी तितकी ती दूरवर ओळखता येते, पण तितकाच वेळही लागतो. या जाळ्यांतील सर्वाधिक प्रचलित रचनेचा वेग सेकंदाला सुमारे एक हजार बिट आहे. शंभर किलोबाइटचे एक साधे छायाचित्र या वेगाने पाठवायचे, तर कोणताही अडथळा न येताही बारा मिनिटांहून अधिक वेळ लागेल आणि तेवढा वेळ परिसरातील इतरांना गप्प बसावे लागेल. म्हणून येथे संभाषण नाही, छायाचित्र नाही, ध्वनिमुद्रित निरोपही नाही. आहेत ते फक्त थोडे शब्द आणि आपले ठिकाण सांगणारे आकडे.

निरोप पुढे कसा सरकतो

लोराचा वापर दोन प्रकारे होतो. पहिल्या प्रकारात शेतातील ओलावा मोजणारी किंवा पाण्याचे मीटर वाचणारी अनेक छोटी उपकरणे एका मध्यवर्ती ग्राहक केंद्राला माहिती देतात आणि ते केंद्र ती इंटरनेटवर चढविते. ‘लोरावॅन’ या नावाने तो ओळखला जातो. इंटरनेट गेले की त्याचे काम थांबते. दुसरा प्रकार जाळ्याचा. यात मध्यवर्ती केंद्र नसते. प्रत्येक उपकरण स्वतःचा निरोप पाठविते आणि दुसऱ्याचा ऐकून पुढेही देते.

या दुसऱ्या प्रकारातील सर्वांत परिचित प्रकल्प ‘मेश्टॅस्टिक’ हा आहे. केव्हिन हेस्टर यांनी २०२० मध्ये त्याची सुरुवात केली. डोंगरात भटकताना किंवा पॅराग्लायडिंग करताना मोबाइल चालत नसला, तरी सोबत्यांचा ठावठिकाणा कळावा, हा मूळ हेतू होता. त्याची आज्ञावली सर्वांना खुली असून ती चालणारी उपकरणे काही हजार रुपयांत मिळतात.

त्याची कार्यपद्धती गावातल्या दवंडीसारखी आहे. एकाने निरोप उच्चारला की ऐकू आलेली उपकरणे थोडे थांबतात आणि तो पुन्हा उच्चारतात. ज्यांना तो क्षीण ऐकू आला, म्हणजे जी बहुधा दूर आहेत, त्यांची पाळी आधी येते, कारण त्यांच्यामुळे निरोप अधिक पुढे जाईल. दरम्यान दुसऱ्या कोणी तो उच्चारलेला ऐकला, तर सामान्य उपकरण आपली पाळी सोडून देते. एक निरोप किती टप्पे पुढे जावा याला बंधन आहे. सहसा ते तीन टप्प्यांचे असते आणि फार तर सातपर्यंत वाढविता येते. ‘मेशकोअर’ या अलीकडील प्रकल्पाने वेगळा मार्ग धरला असून, त्यात हातातली उपकरणे दुसऱ्यांचे निरोप पुढे देत नाहीत. ते काम उंचावर बसविलेल्या रिपीटरवर सोपविलेले असते.

उंचीचा हिशेब

‘या उपकरणाचा पल्ला किती?’ हा पहिला प्रश्न विचारला जातो आणि त्याचे एकच एक उत्तर नसते. साधारण ८६६ मेगाहर्ट्झच्या या लहरी प्रकाशाप्रमाणे बहुतांशी सरळ जातात. पृथ्वीची वक्रता लक्षात घेता, मोकळ्या सपाट प्रदेशात माणसाच्या हातातील, म्हणजे दीड मीटर उंचीवरील अँटेनाचे क्षितिज सुमारे पाच किलोमीटरवर येते. तीच अँटेना ६० मीटर उंच इमारतीच्या गच्चीवर नेली, तर क्षितिज ३२ किलोमीटरवर जाते. सिंहगडासारखा किल्ला पायथ्याच्या परिसरापासून सुमारे ७५० मीटर उंच आहे. तेथून गणिताने हे अंतर ११० किलोमीटरपलीकडे भरते. दूरदर्शनचा मनोरा सिंहगडावर उभारण्यामागे हाच हिशेब आहे.

हे झाले गणित. प्रत्यक्षात मधला डोंगर, काँक्रीटच्या भिंती, पावसाने भिजलेली दाट झाडी हे सारे पल्ला खातात. दाट वस्तीत, रस्त्यावर उभ्या असलेल्या दोन व्यक्तींमध्ये हा पल्ला कधी एक-दोन किलोमीटरवर, तर कधी काहीशे मीटरवर येतो. सह्याद्रीत तर एका सोंडेच्या दोन बाजूंना असलेले दोन गट एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर असूनही परस्परांना ऐकू जात नाहीत. त्यांच्या माथ्यावर मात्र एक उपकरण ठेवले, की दोघांचे बोलणे सुरू होते. म्हणूनच अधिक शक्तीचे उपकरण घेण्यापेक्षा आहे ते उंच ठेवणे आणि योग्य लांबीची अँटेना जोडणे हे अधिक फलदायी ठरते. या कंप्रतेच्या चतुर्थांश लहरीची लांबी साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास येते. दुसऱ्या कंप्रतेसाठी बनविलेली अँटेना लावल्यास बराचसा पल्ला तेथेच वाया जातो. अँटेना न जोडता उपकरण सुरू केल्यास त्यातील प्रक्षेपक निकामी होण्याचाही धोका असतो.

कोठे उपयोगी पडते

या साऱ्याचा विचार करता काही उपयोग निर्विवाद ठरतात. किल्ल्यावर वा घाटवाटेवर निघालेल्या गटात पुढच्या आणि मागच्या व्यक्तीकडे एकेक उपकरण असले, तर कोण कोठे आहे हे नकाशावर दिसते आणि वाट चुकलेल्याला हाक देता येते. मोबाइलचा टॉवर नसलेल्या शेतशिवारात टाकीतील पाण्याची पातळी किंवा तापमान कळविता येते. मोठ्या गृहसंकुलात, वीज आणि मोबाइल दोन्ही गेले असताना, कोणत्या इमारतीत रुग्ण आहे, कोठे पाणी संपले आहे, हे स्वयंसेवकांना एकमेकांना सांगता येते. ऊर्जाही कमी लागते. काही प्रकारच्या चिपवरील उपकरण एका बॅटरीवर कित्येक दिवस चालते आणि लहानशा सौरपट्टीच्या आधारे माथ्यावरचा रिपीटर दीर्घकाळ तग धरतो. वायफाय असलेल्या जुन्या धाटणीच्या चिप मात्र अधिक वीज खातात. त्या दिवसभर पुरल्या तरी समाधान मानावे. शिवाय निरोप वाचण्यासाठी फोनही चार्ज असावा लागतो, हे विसरून चालत नाही.

हवेतील जागा अपुरी

आता मर्यादांकडे वळू. सर्वांत मोठी मर्यादा म्हणजे सर्वांना मिळून एकच वाट. एक उपकरण बोलत असताना ते ऐकू शकत नाही आणि परिसरातील दोघे एकदम बोलले तर दोन्ही निरोप बिघडू शकतात. प्रचलित रचनेत पूर्ण लांबीचा एक संदेश सुमारे दोन सेकंद हवेत असतो. तो वीस उपकरणांनी पुन्हा उच्चारला, तर एका निरोपाने चाळीस सेकंद व्यापली. त्यात प्रत्येक उपकरण आपले ठिकाण आणि बॅटरीची स्थिती ठरावीक काळाने प्रसारित करीत असते. उपकरणांची संख्या वाढली की जाळे बळकट होईल, ही अपेक्षा म्हणूनच अर्धीच खरी आहे. विरळ प्रदेशात नवे केंद्र पल्ला वाढविते, तर दाट शहरात ते कोलाहलात भर घालते. चॅनेलचा सुमारे पाव भाग व्यापला गेला की मेश्टॅस्टिकची आज्ञावली ठिकाण कळविण्यासारखी दुय्यम प्रक्षेपणे आवरते घेते. मोठ्या शहरांत वेगवान, पण कमी पल्ल्याची रचना निवडणे आणि घरातील उपकरणांना दुसऱ्यांचे निरोप पुढे देण्यापासून रोखणे, हे उपाय करावे लागतात.

मराठीतून लिहिणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. एका संदेशाची मर्यादा सुमारे २३० बाइट आहे. रोमन लिपीतील प्रत्येक अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीत प्रत्येक अक्षराला आणि प्रत्येक काना-मात्रेला स्वतंत्रपणे तीन. ‘मी सुखरूप आहे’ या तीन शब्दांना ३५ बाइट लागतात. म्हणजे देवनागरीत एका निरोपात साधारण ७५ चिन्हे मावतात. संकटकाळी लागणाऱ्या सांकेतिक शब्दांची छोटी यादी आधीच ठरवून ठेवणे त्यामुळे शहाणपणाचे ठरते.

‘पोचले’ या खुणेचा अर्थ

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे, कारण ती सहज ध्यानात येत नाही. मोबाइलवरील संदेशसेवांमुळे ‘पोचले’ या खुणेवर विसंबण्याची सवय आपल्याला जडली आहे. मेश्टॅस्टिकवर सर्वांसाठी पाठविलेल्या निरोपापुढे उमटणारी खूण एवढेच सांगते, की जवळपासच्या किमान एका उपकरणाने तो ऐकून पुढे दिला. ज्याच्यासाठी तो होता, त्याच्यापर्यंत तो गेला असे त्यावरून म्हणता येत नाही. एका व्यक्तीला थेट पाठविलेल्या निरोपाची पोच मात्र त्याच्या उपकरणाकडून येते. ती आली नाही, तर निरोप गेला नाही असेच गृहीत धरावे. समोरचे उपकरण बंद असेल, तर निरोप साठवून नंतर देणारी व्यवस्था मुद्दाम उभारल्याखेरीज तो निरोप हरवतो. दरीत पडलेल्या गिर्यारोहकाने मदत मागितली आणि खूण पाहून तो निश्चिंत झाला, तर तो गैरसमज जिवावर बेतू शकतो. याशिवाय हे निरोप पोलीस वा अग्निशमन दलाकडे आपोआप जात नाहीत. पलीकडे ऐकणारा माणूस आधीच ठरलेला असावा लागतो.

इंटरनेटवरील नकाशेही फसवे ठरू शकतात. त्यांवर दाट दिसणाऱ्या जाळ्यातील अनेक केंद्रे एकमेकांशी हवेतून नव्हे, तर इंटरनेटच्या पुलावरून जोडलेली असतात. इंटरनेट गेल्यावर त्यांतील किती शिल्लक राहतील, हे पूल बंद करून पाहिल्याशिवाय कळत नाही.

गुप्ततेचा प्रश्न

निरोप कूटबद्ध करण्याची सोय येथे आहे. पण उपकरणात मुळातून येणाऱ्या सार्वजनिक चॅनेलची किल्ली सर्वांना ठाऊक असते. त्यावर लिहिलेले चौकातील फलकावर लिहिण्यासारखेच. खासगी गटासाठी स्वतंत्र किल्ली निर्माण करावी लागते. व्यक्तिगत निरोपांसाठी २०२४ मध्ये अधिक भक्कम पद्धत आली. मात्र २०२५ मध्ये असे उघड झाले, की काही उपकरणांत उत्पादनाच्या वेळीच एकसारख्या किल्ल्या भरल्या गेल्या होत्या. नव्या आवृत्तीत ही त्रुटी दूर करण्यात आली. त्यामुळे आज्ञावली अद्ययावत ठेवणे आणि किल्ली नव्याने निर्माण करणे आवश्यक आहे. निरोप कूटबद्ध असला, तरी प्रक्षेपण कोठून होत आहे हे शोधता येते. आपल्या घराचे नेमके ठिकाण सार्वजनिक चॅनेलवर प्रसारित करण्यापूर्वीही दोनदा विचार करावा.

भारतातील नियम

भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा मार्च २००५ मध्ये कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त करण्यात आला आणि २०२१ मध्ये तो ८६८ पर्यंत वाढविण्यात आला. प्रक्षेपकाची शक्ती एक वॅट, अँटेनातून बाहेर पडणारी परिणामी शक्ती चार वॅट आणि वाहक लहरीची रुंदी २०० किलोहर्ट्झ, अशी २००५ च्या नियमावलीची मर्यादा होती. येथे एक सूक्ष्म बाब आहे. मेश्टॅस्टिकची मुळातील रचना २५० किलोहर्ट्झ रुंदीचा पट्टा वापरते. १२५ किलोहर्ट्झची मंद रचना निवडणे म्हणून अधिक सुरक्षित. परवाना नको याचा अर्थ कोणतेही उपकरण चालते असा नाही. त्याला दूरसंचार खात्याच्या नियमांनुसार मान्यता असावी लागते.

परदेशातून आणलेल्या उपकरणांबाबत विशेष दक्षता हवी. अमेरिकेत यासाठी ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झचा पट्टा खुला आहे. भारतात त्यातील काही भाग मोबाइल कंपन्यांकडे आहे. अमेरिकी मांडणी तशीच ठेवून उपकरण सुरू करणाऱ्याकडून नकळत मोबाइल सेवेतच अडथळा निर्माण होईल. उपग्रह फोन आणि उपग्रह संदेशयंत्रे हा पर्याय अनेकांना सुचतो, परंतु भारतात ती परवानगीशिवाय जवळ बाळगणेही गुन्हा ठरू शकते.

हौशी रेडिओ, म्हणजे हॅम, हा जुना आणि कसाला उतरलेला मार्ग आहे. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीवेळी भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखालील हॅम चमू योगायोगाने पोर्ट ब्लेअरमध्येच होता. अंदमानातील निरोप मुख्य भूमीवर पोचविण्यात त्याने मोलाची कामगिरी बजावली. हॅमवर प्रत्यक्ष बोलता येते आणि पल्लाही हजारो किलोमीटरचा असू शकतो. मात्र त्यासाठी परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. लोराचे जाळे त्याची जागा घेऊ शकत नाही. परवाना नसलेल्या सामान्य नागरिकांच्या हाती परिसरापुरते साधन देणे, एवढे ते करू शकते.

आधी विणलेले जाळे

३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. ती वार्ता बाहेर आली ती सकाळी त्या वाटेने गेलेल्या एसटीच्या चालकामुळे. गाव जागेवर नाही, हे त्याने पाहिले. अशा जागी एखादे रेडिओ उपकरण असते तर काय झाले असते, याची कल्पना करणे सोपे आहे. पण ते उपकरण गाडले गेले असते, तर त्याचाही उपयोग झाला नसता. जवळच्या माथ्यावर रिपीटर, खालच्या गावात सतत सुरू असलेले दुसरे उपकरण आणि त्याच्याकडे लक्ष ठेवणारा माणूस, या तिन्ही गोष्टी आधीपासून असतील तरच ‘आवाज थांबला’ हीदेखील एक खबर ठरते.

सारांश, संकट आल्यावर खोक्यातून काढून वापरण्याची ही वस्तू नाही. ज्या गिर्यारोहण संस्थांना वा गृहसंकुलांना ती हवी असेल, त्यांनी चार-पाच उपकरणांनी सुरुवात करावी. गच्ची किंवा माथा निवडून कोठून कोठे ऐकू येते, याचा स्वतःचा नकाशा पायी फिरून तयार करावा. सांकेतिक शब्द आणि ऐकणाऱ्याची पाळी ठरवावी. पावसाळ्यापूर्वी एक दिवस मोबाइल बंद ठेवून सराव करावा आणि त्यात जे निरोप पोचले नाहीत, त्यांची नोंद ठेवावी. गडावर जाताना, हे उपकरण जवळ असले तरी, परतीची वेळ घरी सांगून निघण्याची जुनी रीत सोडू नये. उपकरण गप्प राहिले, तरी ठरल्या वेळी परत न आलेल्या माणसाचा शोध त्या एका वाक्यामुळेच सुरू होतो.